नेसणं आणि घालणं

मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात आणि काजळ लेतात. अंगावर काही चढवायचं, एवढ्या साध्या कामासाठी भाषेनं इतकी क्रियापदं राखून ठेवली आहेत. हिंदीचं ‘पहनना’ किंवा गुजरातीचं ‘पहेरवुं’ यांतल्या बऱ्याच ठिकाणी एकट्यानं काम भागवतं. मराठीचं तेवढ्यावर भागत नाही. अंगावर काय आहे हे सांगताना ते अंगावर कसं आलं, हेही मराठीला सांगायचं असतं.

अलीकडे मात्र ‘तिनं साडी घातली होती’ हे वाक्य मालिकांत, जाहिरातींत आणि घराघरांत सर्रास ऐकू येतं. कुणी हटकलं तर ‘अर्थ कळला ना?’ असं उत्तर मिळतं. अर्थ कळतो हे खरं, पण ‘नेसणे’ आणि ‘घालणे’ हे एकाच क्रियेसाठीचे दोन शब्द नव्हेत. वस्त्र म्हणजे काय, याविषयीचे दोन वेगळे विचार त्यांत साठलेले आहेत. त्यातला एक शब्द गेला, की तो विचारही बोलण्यातून जातो. म्हणून या जोडीची हकिगत मुळापासून पाहायला हवी.

‘नेसणे’चं मूळ संस्कृत ‘वस्’ या धातूत आहे. धातुपाठातले दोन ‘वस्’ इथं पाहायला हवेत. एकाचा अर्थ राहणे, दुसऱ्याचा आच्छादणे. पहिल्यापासून वस्ती, वसाहत, निवास हे शब्द आले. दुसऱ्यापासून वस्त्र आणि वसन. लॅटिनमधला वस्त्रवाचक ‘वेस्टिस’ आणि त्यातून आलेला इंग्रजी ‘वेस्ट’ हे या दुसऱ्या धातूचे दूरचे भाऊबंद. या धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागून ‘निवसन’ झालं, प्राकृतात त्याचं ‘णिअंसण’ झालं, आणि ‘नि’मधला इकार व पुढचा अकार एकत्र येऊन मराठीत ‘नेस’ उरलं. गोव्यात कोकणीत हेच क्रियापद ‘न्हेसप’ असं आहे. तिथं साडीला ‘कापड’ म्हणतात, आणि कापड न्हेसतात.

पण ‘नेसणे’चा खरा जुनेपणा व्युत्पत्तीपेक्षा त्याच्या अर्थाच्या मर्यादेत दिसतो. मराठीत कमरेपासून खाली जे वेढलं जातं ते नेसतात: लुगडं, धोतर, पंचा, पितांबर, सोवळं. वरून जे घेतलं जातं ते पांघरतात: शाल, शेला, उपरणं, घोंगडी. ही विभागणी पालीत जशीच्या तशी आहे. विनयपिटकात बौद्ध भिक्षूंच्या वागणुकीचे जे ७५ सेखिय नियम आहेत, त्यांतले अगदी पहिले दोन वस्त्रांविषयी आहेत. पहिला सांगतो, खालचं वस्त्र चारही बाजूंनी सारखं नेसावं. दुसरा सांगतो, वरचं वस्त्र तसंच नीट पांघरावं. पहिल्यातलं क्रियापद ‘निवासेति’ म्हणजे आपलं ‘नेसणे’. दुसऱ्यातलं ‘पारुपति’ हे ‘प्र’ आणि ‘आ’ उपसर्ग लागलेल्या ‘वृ’ धातूचं पाली रूप. याच धातूपासून संस्कृतात ‘प्रावरण’ झालं, प्राकृतात ‘पंगुरण’ आणि मराठीत ‘पांघरूण’. दोन हजार वर्षांहून अधिक काळ उलटला, राज्यं बदलली, लिपी बदलली, तरी कमरेखालच्या आणि खांद्यावरच्या वस्त्राला वेगळं क्रियापद वापरण्याची ही सवय मराठीनं सोडली नाही. एवढं जुनं काही आपण रोज सहज बोलत आलो आहोत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या वस्त्रांचा गाभा म्हणजे वेढणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा देह बदलतो, असा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. मूळ संस्कृतात नवं वस्त्र ‘घेण्याचं’ क्रियापद आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगताना हाच दृष्टान्त मराठीत आणला तेव्हा त्यांनी ‘वेढणे’ हे क्रियापद वापरलं. नेवाशाच्या परिसरात त्यांच्या भोवतीचे लोक वस्त्र अंगाभोवती वेढूनच घेत असणार. मराठी श्रोत्याला तेच चित्र दिसायला हवं होतं. हे ‘वेढणे’ संस्कृत ‘वेष्ट्’ धातूचं. किल्ल्याला पडणारा वेढा त्याच घरातला आणि तमिळ माणसाची वेष्टीही त्याच घरातली.

आता ‘घालणे’कडे वळू. व्याकरणकार हेमचंद्रानं बाराव्या शतकात नोंदवलेल्या अपभ्रंशात ‘घल्लइ’ हे क्रियापद ‘टाकतो’ या अर्थी आढळतं. मराठीत ते अनेक दिशांनी पसरलं: पाण्यात घालणे, पोटाशी घालणे, भीक घालणे, शपथ घालणे, खायला घालणे. सगळीकडे एक गोष्ट दुसरीत किंवा दुसरीवर टाकली जाते. सदरा घालताना नेमकं हेच घडतं. सदरा आधीच तयार असतो. बाह्या, गळा, छाती यांच्या पोकळ्या त्यात आधीच केलेल्या असतात. त्या पोकळ्यांत आपण अंग घालतो. अंगठी, जानवं, माळ, टोपी, जोडे यांनाही ‘घालणे’च लागतं, कारण तिथंही तयार पोकळीत शरीराचा एखादा भाग जातो.

साडीचं तसं नाही. दुकानात घडी घालून ठेवलेल्या साडीला फक्त काठ आणि पदर असतात. निऱ्या नसतात, ओचा नसतो, कासोटा नसतो, घोळ नसतो. हे सारे भाग नेसताना तयार होतात आणि सोडल्यावर नाहीसे होतात. उलट खुंटीवर टांगलेल्या सदऱ्याला गळा असतो, बाही असते, छाती असते. शिवलेल्या कपड्याच्या भागांना शरीराच्या अवयवांची नावं मिळाली, कारण त्यात अवयवांचा आकार आधीच कापून ठेवलेला असतो. नेसण्याच्या वस्त्राच्या भागांची नावं हातांनी केलेल्या घडणीला दिलेली आहेत. कासोटा म्हणजे मागे खोचलेला भाग, ओचा म्हणजे पुढं खोचून केलेली झोळी, निऱ्या म्हणजे बोटांनी चुणलेल्या घड्या. म्हणून मी म्हणेन, घालणारा माणूस वस्त्र वापरतो आणि नेसणारा ते रोज नव्यानं घडवतो.

याच्या जवळचा एक प्रश्न आपल्या व्याकरणकारांनाही पडला होता. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या पतंजलीनं महाभाष्यात एक कोडं मांडलं आहे. एक जण विणकराला सांगतो, या सुताचा शाटक विण. विणकर विचारात पडतो. शाटक असेल तर तो विणायचा राहिलेला नाही, आणि विणायचा असेल तर तो अजून शाटक नाही. हा ‘शाटक’ आणि त्याच घरातली स्त्रीलिंगी ‘शाटी’ म्हणजेच आपल्या ‘साडी’चे पूर्वज. पतंजलीचा प्रश्न होता, जी वस्तू अजून झालेलीच नाही तिला नाव कसं द्यायचं. साडीच्या बाबतीत तो प्रश्न विणकराच्या मागापाशी संपत नाही. माग कापड देतो. त्या कापडाला कासोटा घालायचा की ते गोल नेसायचं, हे नेसणारे हात ठरवतात. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ शांताल बुलांजे यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात साडी नेसण्याच्या सुमारे ८० पद्धती नोंदवल्या आहेत. लांब कापडाचा एकच पट्टा आणि त्याची इतकी रूपं, हे ‘नेसणे’ या क्रियापदाचंच कर्तृत्व.

इथं एक समज दूर करायला हवा. नेसणं आपलं आणि शिवणं परकं, अशी मांडणी अनेकदा केली जाते. ती खरी नाही. ऋग्वेदात सुई आहे आणि शिवणंही आहे. आपली ‘सुई’ ही संस्कृत ‘सूची’ आणि ‘शिवणे’ हा वैदिक ‘सिव्’. अजिंठ्याच्या चित्रांत नेसलेल्या वस्त्रांशेजारी बाह्यांचे शिवलेले अंगरखे दिसतात. संत नामदेव शिंपी होते, आणि आपल्या व्यवसायाची कात्री, सुई, दोरा त्यांनी भक्तीच्या भाषेत आणली. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय पोशाखावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यातही प्राचीन काळापासून दोन्ही प्रकारची वस्त्रं या देशात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पुढं शिवलेल्या कपड्यांची संख्या वाढली आणि त्यांच्याबरोबर बाहेरचे शब्दही आले. ‘पोशाख’ फारसी. ‘पायजमा’ फारसीच, पायाचा जामा. ‘सदरा’ अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती, त्यावरून आलेला. गुंडीसाठीचं ‘काज’, बांधायची ‘फीत’ आणि कपड्यावर फिरणारी ‘इस्त्री’ हे शब्द पोर्तुगिजांनी दिले. हे सगळे शब्द मराठीनं आपले मानले आणि त्यांतल्या शिवलेल्या कपड्यांना बिनचूक ‘घालणे’ जोडून दिलं.

‘इजार’ या शब्दाचं उदाहरण तर फार बोलकं आहे. अरबीत ‘इजार’ म्हणजे कमरेला गुंडाळायचं, न शिवलेलं वस्त्र. हजला जाणारे पुरुष आजही ते वेढतात. हिंदुस्थानात येईपर्यंत त्याच नावानं शिवलेली विजार ओळखली जाऊ लागली. मराठीला शब्द मिळाला तो या दुसऱ्या अर्थानं, म्हणून मराठीत इजार घालतात. ती कुणी नेसत नाही. भाषेनं वस्तू पाहून क्रियापद निवडलं.

मग प्रश्न येतो, ‘घालणे’ आणि ‘नेसणे’ यांच्यातली सीमा सुई ओढते का? तेही नाही. जुनं लुगडं मधे विरलं की त्याचा विरलेला भाग काढून उरलेले दोन तुकडे शिवून जोडत. त्याला ‘दंड घालणे’ म्हणतात. दंड घातलेलं लुगडं शिवलेलंच असतं, तरी ते नेसायचंच. भिक्षूंची चीवरंही तुकडे शिवून केलेली असत आणि तीही नेसली नि पांघरली जात. याचा अर्थ असा, की टाका पडला म्हणून क्रियापद बदलत नाही. शरीराचा आकार कापडात आधीच कापून ठेवला की ते बदलतं.

डोक्यावरच्या वस्त्रांत हाच नियम दुसऱ्या अंगानं दिसतो. पागोटं, पटका, मुंडासं, फेटा हे बांधतात. लांब कापड रोज डोक्याभोवती गुंडाळायचं आणि रोज सोडायचं. पुणेरी पगडी मात्र पगडबंद कारागीर आधीच बांधून, टाके घालून पक्की करून देतो. ती टोपीसारखी डोक्यावर ठेवायची. म्हणून पागोटं ‘बांधतात’ आणि पगडी ‘घालतात’. मत बदलण्याला आपण ‘पगडी फिरवणे’ म्हणतो, तेही तयार पगडीच्याच बाबतीत शक्य आहे. पागोटं फिरवायचं तर ते आधी सोडावं लागेल.

या दोन क्रियापदांच्या जोडीला तिसरं होतं, ते जवळजवळ हरवलं आहे. ते ‘लेणे’. जुन्या मराठीत दागिने लेत, काजळ लेत, कुंकू लेत आणि चोळीही लेत. ‘लेणं-लुगडं’, ‘लेणं-नेसणं’, ‘ल्यायला-नेसायला’ असे जोडशब्द ग्रामीण बोलीत आजही भेटतात. कमरेखालचं ते नेसायचं आणि अंगाला शोभा देणारं ते ल्यायचं, अशी ही जोडी होती. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये अगदी अशीच जोडी आहे. साडी-धोतरासाठी ‘उडु’, अंगी आणि अलंकारांसाठी ‘तोडु’, आणि एकूण पोशाखाला ‘उडुगे-तोडुगे’. शेकडो वर्षं एकमेकींना बिलगून राहिलेल्या दोन भाषांनी वस्त्रांकडे एकाच नजरेनं पाहिलं, याची ही सुंदर खूण आहे. मराठीत पुढं ‘घालणे’नं ‘लेणे’ची जागा घेतली. आज ते मुख्यतः ‘सौभाग्यलेणं’ या शब्दात उरलं आहे. अजिंठा-वेरूळची ‘लेणी’ मात्र वेगळी. ती संस्कृत ‘लयन’ म्हणजे राहण्याची जागा यावरून आली आहेत, आणि नाशिक, जुन्नर, कार्ल्याच्या प्राकृत शिलालेखांत ‘लेण’ हा शब्द कोरलेला आहे.

अंगावरून वस्त्र दूर करण्याची क्रियापदंही मराठीत याच नियमानं चालतात. सदरा काढतात. पागोटं उतरवतात. लुगडं आणि धोतर सोडतात किंवा फेडतात. ‘फेडणे’ म्हणजे बांधलेलं, गुंतलेलं मोकळं करणं. म्हणूनच कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. कर्ज हे माणसाला वेढून बसलेलं बंधन आहे, ही समजूत या क्रियापदात दिसते.

पैशाचा विषय निघाला म्हणून आणखी थोडं. नेसण्याच्या वस्त्राला खिसा नसतो. पैसा ठेवायचा तो पदराच्या टोकाला गाठ मारून किंवा कमरेच्या कनवटीत. त्यामुळं मराठीत स्वतःचे पैसे म्हणजे ‘पदरचे पैसे’, स्वतःला झळ सोसून केलेला खर्च म्हणजे ‘पदरमोड’, आणि वाट्याला आलेलं ते ‘पदरी पडलेलं’. आयुष्यात कधीही पदर न घेतलेला पुरुषही पदरमोड करतो. मदतीची याचना करायची तर पदर पसरायचा, कामाला लागायचं तर पदर खोचायचा. ‘खिसा’ अरबी ‘कीसा’ म्हणजे पिशवी या शब्दावरून आला, आणि त्याच्यासोबत खिसेकापू आला, खिसा गरम होणं आलं. शिवलेल्या सदऱ्यानं ‘बाह्या सरसावणे’ दिलं. घरदार सोडून काहीही न घेता बाहेर पडायचं झालं तर मात्र मराठी माणूस अजूनही ‘नेसत्या वस्त्रानिशी’च बाहेर पडतो. विजार-शर्टातला माणूसही या वाक्प्रचारात नेसलेलाच असतो.

तर मग आज ‘साडी घातली’ का म्हटलं जातं? कारण उघड आहे. रोजच्या अंगावर आता कुर्ता, सलवार, जीन्स, टी-शर्ट आहे आणि त्या सगळ्यांना ‘घालणे’ रास्त आहे. दिवसभर कानावर एकच क्रियापद पडतं. ‘नेसणे’ सणासुदीपुरतं उरतं. त्यात हिंदीतल्या आणि इंग्रजीतल्या जाहिराती मराठीत येताना एका क्रियापदासाठी एकच क्रियापद घेऊन येतात. मुलांचा यात दोष नाही. आपण त्यांच्यासमोर जे बोलू, तेच ती बोलणार.

आणि एका ठिकाणी ती बरोबरही असतात. हल्ली निऱ्या, कासोटा, पदर आधीच शिवून तयार केलेली नऊवारी बाजारात मिळते. लहान मुलींच्या स्नेहसंमेलनांत आणि लेझीम पथकांत ती दिसते. कमरेला इलॅस्टिक असलेलं तयार धोतरही मिळतं. त्यांत पाय घालायचे आणि हूक लावायचा. अशी नऊवारी घालतात, असंच म्हणायला हवं. तिथं ‘नेसली’ म्हणणं चूक ठरेल. मराठीचा नियम इतका नेमका आहे, की गेल्या काही वर्षांत जन्माला आलेल्या कपड्यालाही तो अचूक लागू पडतो. ज्या नियमाला नवी वस्तू ओळखता येते, तो नियम जिवंत असतो.

म्हणून माझं मागणं शुद्धलेखनाच्या किंवा सोवळ्या भाषेच्या हट्टातून आलेलं नाही. वस्त्र आपल्या हातांनी घडवण्याचं एक ज्ञान या भूमीत होतं आणि अजून आहे. नऊ वार कापड अंगाभोवती असं वेढायचं, की त्यातून शेतात वाकता यावं, घोड्यावर बसता यावं, मूल कडेवर घेता यावं आणि ओच्यात भाजी भरून आणता यावी, हे साधं कौशल्य नव्हे. त्या कौशल्याचं नाव ‘नेसणे’ आहे. आई, मावशी, आजी घरातल्या मुलीला पहिल्यांदा साडी नेसवतात तेव्हा त्यांनी तिला निऱ्या, ओचा, काठ, पदर, घोळ हे शब्दही द्यावेत. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी, मालिकांचे संवाद लिहिणाऱ्यांनी आणि जाहिरातींची भाषांतरं करणाऱ्यांनी प्रत्येक वेळी एवढंच विचारावं: हे वस्त्र तयार पोकळीत अंग घालून अंगावर आलं, की हातांनी वेढून? उत्तर मिळालं की क्रियापद आपोआप मिळेल. तयार पोकळीचं घाला, वेढलेलं नेसा, वरून घेतलेलं पांघरा, आणि मुलांशी बोलतानाही हे तिन्ही शब्द जिथल्या तिथं वापरा.